गणित-टेक्नॉलॉजीच्या कोर्सला पहिल्या दिवशी स्वतःबद्दल काय सांगायचं

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्याकडचे दोन-चार टीचर्स कुठला ना कुठला ऑनलाइन कोर्स जॉइन करतात, गणित शिकवायला टेक्नॉलॉजी कशी वापरायची त्याचा, आणि मग पहिल्या आठवड्यात मला हमखास फोन येतो, "सर, पयलेंच काम इंट्रोडक्शन दिलां, किदें बरोवं?" म्हणजे, पहिलंच काम ओळख द्यायचं दिलंय, काय लिहू? प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्याला हेच पाठवायचं आणि आपण मोकळं व्हायचं.

मी गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका हायस्कुलात गणित शिकवतो. असा एक कोर्स मीही केलाय आणि त्यात माझी पहिली ओळख पार फुसकी निघाली होती. शनिवारी संध्याकाळी झूमवर क्लास, तीसेक माणसं, सगळ्या राज्यांतली, प्रत्येकाला दीड मिनिट. मी कागदावर लिहूनच आणलं होतं: नाव, एम.एस्सी., बी.एड., १४ वर्षांचा अनुभव, छंद वाचन आणि ट्रेकिंग. ट्रेकिंग म्हणजे काय तर एकदा दूधसागरला गेलो होतो आणि दोन दिवस पाय धरून बसलो होतो. वाचून झालं. कोणी हूं की चूं नाही. मॅडम म्हणाल्या थँक्यू सर, नेक्स्ट.

मी माईक बंद करायला विसरलो होतो आणि तेवढ्यात दारात पदेर आला. सायकलचा तो रबरी भोंगा, पों पों, तीस जणांच्या कानात. आसामच्या एकाने विचारलं की हे काय वाजलं, मी म्हटलं पाववाला आलाय, आणि मग का कुणास ठाऊक, मी जे कागदावर लिहिलंच नव्हतं ते बोलून गेलो. म्हटलं, या पावाने माझ्या वर्गात भलताच घोळ घातलाय. मराठीत पाव म्हणजे एक चतुर्थांश, आणि आमच्याकडे पाव म्हणजे सकाळी चहात बुडवायचा तो. सातवीत एकदा मी तोंडी विचारलं, पाव अधिक अर्धा किती, तर एक मुलगी एकदम कॉन्फिडन्टली म्हणाली, "दीड पाव." तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभच वळेना, कारण तिच्या डोक्यातल्या टोपलीत ते बरोबरच होतं! मग अर्धा पाव म्हणजे १/२ की १/८ यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्या.

ते ऐकल्यावर क्लासमध्ये एकदम जान आली. एक मॅडम म्हणाल्या आमच्याकडे पण असंच होतं, कोणी म्हणालं याची फ्रॅक्शन बारवर (अपूर्णांकांच्या पट्ट्यांवर) ॲक्टिव्हिटी करूया, आणि पुढचे तीन महिने मी सगळ्यांचा 'पाववाले सर' झालो. एम.एस्सी. कोणाला आठवत नव्हती.

तर माझं म्हणणं एवढंच की अशा कोर्समध्ये तुमची डिग्री ही ओळख नसते, तिथे सगळेच डिग्रीवाले असतात. तुमच्या वर्गात गणित नेमकं कुठे अडतं ती तुमची ओळख. एकच जागा सांगा, पण बारकाईने.

बारकाईने म्हणजे कसं, तर "मुलांना फ्रॅक्शन कठीण जातात" हे काही सांगणं नव्हे, ते तर अख्ख्या देशात कठीण जातात. "माझ्या सातवीत १/२ अधिक १/३ चं उत्तर २/५ लिहितात, वरचा वर मिळवतात आणि खालचा खाली, आणि विचारलं तर म्हणतात क्रिकेटमध्ये असंच करतात, पहिल्या मॅचमध्ये दोनपैकी एक, दुसऱ्यात तीनपैकी एक, एकूण पाचपैकी दोन" हे सांगितलं की ऐकणारा सरसावून बसतो, कारण पोराचं लॉजिक तिथे चुकीचं नाहीच, फक्त ती बेरीज नव्हे. आता यावर कुठलं सॉफ्टवेअर चालेल, पट्ट्या चालतील की संख्यारेषा, ही चर्चा आपोआप सुरू होते.

आमच्या बॅचला एक वयाने मोठे सर होते, त्यांची ओळख मला अजून आठवते. ते म्हणाले मी शाळेत लोगो शिकलो, ते कासववालं. लोगो १९६७ सालचं, सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबतच्यांनी लहान मुलांसाठी बनवलेली प्रोग्रॅमिंग भाषा, स्क्रीनवर एक कासव असतं, त्याला पुढे जा, वळ असं सांगायचं की ते रेघ मारत जातं. सर म्हणाले, समभुज त्रिकोण काढायचा होता, कोन ६० चा हे पाठ होतं, म्हणून तीनदा १०० पुढे आणि ६० उजवीकडे असं टाइप केलं आणि कासव भलतीकडेच जाऊन उभं राहिलं, त्रिकोण बंदच होईना. तो निघाला अर्धा षटकोन! कासव वळतं ते बाहेरच्या कोनातून, १२० मधून, आतल्या ६० मधून नाही. "त्या दिवशी मला बाह्यकोन कळला, परीक्षेत मार्क त्याच्या आधीच मिळाले होते," एवढं बोलून सर गप्प बसले. मिनिटभर पण घेतलं नसेल. पुढे ग्रुप पाडले तेव्हा सगळ्यांना त्यांच्याच ग्रुपमध्ये जायचं होतं.

हे पण लक्षात ठेवा, ग्रुप. पहिल्या आठवड्यातल्या ओळखीवरून लोक मनात ठरवत असतात की प्रोजेक्ट कोणाबरोबर करायचा. म्हणून आपल्याला काय येतं आणि काय येत नाही ते स्पष्ट सांगितलेलं बरं. "मला जिओजेब्रा येतं" (आकृत्या आणि ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर) याचा काही अर्थ होत नाही. स्लायडर (ओढला की आकडा बदलतो ती पट्टी) लावता येतो का, तयार फाइल उघडून दाखवता येते फक्त, की स्वतः शून्यातून बनवता येते, ते सांगा. डेस्मॉसवर फक्त ग्राफ काढलेत की मुलांसाठी ॲक्टिव्हिटी बनवली, ते सांगा. एक्सेलमध्ये मार्कशीट करतो एवढंच येत असेल तर तेच सांगा हो, लाजायचं काय त्यात. आमच्या ग्रुपला शेवटी फॉर्म्युले लावणारा माणूस लागला तेव्हा असाच एक मार्कशीटवाला कामी आला.

उलट काहीजण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरचा इतिहास सांगायला बसतात. जिओजेब्रा ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्गला मास्टर्सच्या थिसिससाठी सुरू केलं, जिओमेट्री आणि अल्जेब्रा जोडून नाव झालं, वगैरे वगैरे. सगळं खरं आहे, पण ते दुसऱ्या आठवड्याच्या नोट्समध्ये येणारच आहे, तुमची दीड मिनिटं त्यात कशाला घालवता?

तसंच टीपॅक. हा शब्द कोर्समध्ये इतक्यांदा येतो की कान किटतात. २००६ मध्ये पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी मांडलेली शिक्षकाच्या ज्ञानाची चौकट आहे ती, तीन वर्तुळं एकमेकांत अडकलेली: विषय, शिकवणं आणि टेक्नॉलॉजी, त्याआधी १९८६ मध्ये ली शुलमन यांनी पहिली दोन जोडलेलीच होती. ओळखीत हा शब्द उच्चारू नका असं माझं मत, पण लिहून झालं की त्याने तपासून मात्र बघा. गणिताबद्दल एखादं वाक्य आहे का, मुलाबद्दल आहे का, टूलबद्दल आहे का. माझ्या पहिल्या कागदावर तिन्हीपैकी एकही नव्हतं, ट्रेकिंग होतं.

आता आपल्या गोव्याबद्दल. बाहेरच्या राज्यातला माणूस गोवा म्हटलं की पहिलं बीच विचारतो, दुसरं फेणी. रागावू नका, हसून पुढे जा. (अगदीच कोणी "गोव्यात गणित कसलं" म्हणाला तर १९०७ साली गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण करून द्या, त्यांनी १९४४ मध्ये मांडलेलं मॅपिंग फंक्शन (जीन्समधलं अंतर काढायचं सूत्र) जेनेटिक्सवाले अजून वापरतात. पण हे आपल्या ओळखीत घुसडू नका, दुसऱ्याच्या मोठेपणावर आपली ओळख होत नाही.) सांगण्यासारखी आपली खरी गोष्ट वेगळीच आहे आणि आपल्याला तिची इतकी सवय झालीय की ती सांगायचंच सुचत नाही. आपली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत गणित शिकतात आणि पाचवीत गेली की पुस्तक इंग्रजी. एका सुट्टीत लसाविचा एलसीएम होतो, मसाविचा एचसीएफ होतो, छेद जातो आणि डिनॉमिनेटर येतो. मी स्वतः असाच आलोय, सहावीपर्यंत मला वाटायचं एलसीएम हे काहीतरी नवीन प्रकरण आहे, आणि वर्षभर दोन्ही वेगवेगळं पाठ केलं. घरी कोंकणी, प्रार्थनेला मराठी, फळ्यावर इंग्रजी. हे एका वाक्यात सांगितलंत ना, तर बाकीचे तुम्हाला जी व्हिडिओ-ॲप्स सुचवतील ती निदान भाषेचा विचार करून सुचवतील.

महाराष्ट्रातल्या एका मॅडमनी आमच्या क्लासला अशीच सुरुवात केली होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं दिलं होतं आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना. मॅडम म्हणाल्या, बाजू कुठली ते बाजूला ठेवा, माझ्या वर्गात मी त्रेसष्ट म्हटलं की चार मुलं ३६ लिहितात, कारण कानाला तीन आधी ऐकू येतो. मी यासाठी एक छोटं ॲप बनवायला आलेय. आता बघा, विषय कळला, मूल दिसलं आणि बाईंना काय पाहिजे तेही कळलं.

शाळेतली खरी परिस्थितीही एका वाक्यात टाकायची. लॅबमध्ये किती कंप्युटर, त्यातले चालू किती, नेट कसं, पावसात लाईट किती वेळ असते. रडगाणं गाऊ नका, नुसते आकडे द्या. मी "१२ कंप्युटर, चालू ९, मुलं ३४" असं सांगितलं तेव्हा केरळच्या एका सरांनी लगेच सांगितलं की नेटवर उघडत बसू नका, जिओजेब्रा इन्स्टॉल करून ठेवा, ते नेटशिवाय चालतं. मला वाटत होतं ब्राउझरमध्येच चालतं ते. तीन वर्षं मी रेंजची वाट बघत होतो!

मुलांच्या बाबतीत मात्र जपून. मुलाचं नाव, शाळेचं नाव, वर्गाचा फोटो यातलं काही टाकायचं नाही. वहीतल्या चुकीचा फोटो टाकायचा असेल, आणि तो टाकाच, भाषणापेक्षा बरा, तर वरचं नाव-रोल नंबर झाकून मग काढा. आपला मोबाईल नंबर पण पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटत सुटू नका, नाहीतर पुढे वर्षभर गुड मॉर्निंगची फुलं येतात.

लिहून द्यायची असेल तर दीडशे-दोनशे शब्द पुरे. बोलायची असेल तर घड्याळ लावून एकदा म्हणून बघा, दीड मिनिट वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. पण वाचून दाखवू नका, वाचताना आवाज लगेच शाळेच्या असेंब्लीसारखा होतो. व्हिडिओ करायचा असेल तर खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नको, चेहरा काळा येतो. आणि पत्र्याखाली बसून जुलैमध्ये रेकॉर्ड करू नका, पावसाशिवाय काही ऐकू येत नाही. पदेराची वेळ टाळा असं सांगणार होतो, पण माझ्या बाबतीत तर त्यानेच वाचवलं, तेव्हा तुमचं तुम्ही बघा.

एक बारीक गोष्ट, पण गणितवाल्यांनी चुकू नये अशी. चॅटमध्ये किंवा मेसेजमध्ये समीकरण टाइप करताना कंस लावा. १/२एक्स असं लिहिलं की अर्ध्या लोकांना ते (१/२)एक्स वाटतं आणि अर्ध्यांना १/(२एक्स). आमच्या बॅचमध्ये एकाने आपल्या ओळखीतच असं लिहिलं आणि त्याची ओळख राहिली बाजूला, सगळे त्या दोनवरच भांडत बसले. समीकरण मोठं असेल तर कागदावर लिहून फोटो पाठवा.

दुसऱ्यांच्या ओळखीला उत्तर देणं हाही कामाचाच भाग आहे, आणि तिथे आपण फार आळशी. "नाइस टू मीट यू", हात जोडलेला इमोजी, झालं. तीस जणांना तीस हात जोडण्यापेक्षा दोघांनाच एकेक प्रश्न विचारा, त्यांच्या वर्गातल्या त्या अडलेल्या जागेबद्दल. "मग ती चार मुलं ३६ कधीपर्यंत लिहितात? पन्नासच्या आत पण चुकतात का?" असं काहीतरी. विचारणारा माणूस लक्षात राहतो. आणि वयाने मोठ्यांना सर-मॅडम म्हणा, कोर्समध्ये सगळे विद्यार्थी असले तरी. बाहेरचे लोक पहिल्या नावाने बोलवायला सांगतात, माझ्या तोंडून ते काही निघत नाही.

आता तुम्ही म्हणणार सर, नमुना द्या. पहिल्या फजितीनंतर आम्हाला दुसऱ्या आठवड्यात लेखी ओळख द्यायची होती, ती देतो, पण कॉपी मारू नका, पाव आणि स्लायडर माझे आहेत, तुमचं तुम्ही शोधा:

"नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यात सातवी ते दहावीला गणित शिकवतो. माझी बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून येतात आणि पाचवीपासून गणित इंग्रजीत. लॅबमध्ये १२ कंप्युटर, त्यातले ९ चालू, वर्गात मुलं ३४. जिओजेब्रात मला आकृती काढता येते आणि स्लायडर लावता येतो, त्यापुढे काही येत नाही. गेल्या वर्षी नववीत वाय बरोबर एम एक्स अधिक सी दाखवत होतो, एम म्हणजे रेषेचा चढ. एम शून्यावर आणला तर मुलं म्हणाली लाईन झोपली. मग एक मुलगा एम वाढवत वाढवत म्हणाला, सर, ही सरळ उभी कधी होणार? स्लायडर ५ पर्यंत होता, मी १०० पर्यंत केला, तरी ती जरा कलंडलेलीच. उभ्या रेषेला एम नसतो हे मी फळ्यावर सांगितलं, त्याला ते पटलं नाही, तो म्हणाला मग हजार करा. हे स्क्रीनवर कसं दाखवायचं ते मला पाहिजे. कोणी केलंय का?"

बघा, शेवट प्रश्नाने केलाय. "आपणा सर्वांकडून शिकायला उत्सुक आहे" याने केला असता तर कोणी उत्तर दिलं नसतं, त्याला उत्तर काय देणार?

याला सात उत्तरं आली. त्यातलं एक मणिपूरच्या टीचरचं, दोनच ओळी. म्हणाल्या सर, एमचा हट्ट सोडा, ए एक्स अधिक बी वाय अधिक सी बरोबर शून्य घ्या, ए ला १, सी ला उणे ३, आणि स्लायडर बी ला लावा. मी कपाळावर हात मारला. आमच्या नववीच्या पुस्तकात समीकरण त्याच रूपात दिलेलं, मी आपला व्हिडिओंमध्ये बघून बघून एमच्या मागे लागलो होतो.

सोमवारी लॅबमध्ये लावलं. बी कमी कमी करत आणला तर लाईन एक्सवरच्या ३ या जागी खिळ्याला टांगल्यासारखी फिरत फिरत वर येते, आणि बी शून्य झाला की टक्क उभी. पोरं ओरडली. तो मुलगा काही बोलला नाही, त्याने माऊस माझ्या हातातून घेतला, ए लाही स्लायडर लावायला सांगितला आणि बी शून्यावरच ठेवून ए खाली ओढायला लागला. दरवर्षी मी फळ्यावर लिहितो, 'ए आणि बी दोन्ही एकाच वेळी शून्य नसावेत', आणि मुलं वहीत उतरवून घेतात, का ते मला आजवर एकानेही विचारलं नव्हतं. ए शून्यावर आला आणि स्क्रीन रिकामी.

"सर, लायन खंय गेली?"